भुतांच्या पंगतीत

माझ्या वयाच्या माणसाने भुतांच्या हॉटेलात जेवायला जावे की नाही, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेले नाही. त्यातून पितृपंधरवडा चालू असताना जावे की नाही, हे तर कुणाला विचारायचीही सोय नाही. पण आमच्या नातवाचा आठवा वाढदिवस इंग्रजी तारखेने नेमका भाद्रपद वद्य अष्टमीला आला, आणि केक कापायचा तो भुतांच्या हॉटेलातच, असे त्याने महिनाभर आधीच बजावून ठेवले होते. सूनबाईंनी संकोचाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "चला की! पंधरवडा पितरांचाच आहे. फार तर कोणी ओळखीचे भेटेल!"

सगळे हसले. हा विनोद दुसऱ्या दिवशी माझ्याच अंगावर येणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

हॉटेल पुण्याच्या एका उपनगरात आहे. नाव सांगत नाही. ज्यांना नातवंडे आहेत त्यांना ते आज ना उद्या कळेलच. एका भल्या मोठ्या कवटीच्या जबड्यातून वाकून आत शिरावे लागते. आत अंधार असा की, पानात काय पडले आहे ते मोबाइलच्या उजेडात पाहावे. भिंतींवर कोळ्याची जाळी विकत आणून लावली होती. आमची ही असती तर प्रथम झाडू मागितला असता! छताला सांगाडे टांगलेले, कोपऱ्यात शवपेटी, आणि दर पाच मिनिटांनी कुठूनतरी एक किंकाळी. वाढपी पांढऱ्या कफनीत, तोंडाला राख फासलेली आणि ओठांतून रक्ताचा ओघळ. त्यातल्या एकाने मला अगदी अदबीने विचारले, "काका, तिखट कमी करू का?" त्यामुळे त्या बिचाऱ्याच्या भुतपणाचा निम्मा परिणाम तिथेच गेला.

एका बाजूला बार होता. दुसऱ्या बाजूला लोखंडी जाळीवर मांस भाजत होते आणि त्याचा धूर मुद्दाम आमच्याकडे सोडला होता. चिरंजीवांनी काहीतरी लालभडक पेय मागवले. ते रक्ताच्या पिशवीतून नळीने आले. मी पंधरवड्याचे निमित्त सांगून पनीर घेतले, तर त्याचे नाव निघाले 'चेटकिणीची बोटे'. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला नखासारखा बदामाचा काप खोचलेला! शेवटी गोड म्हणून 'राक्षसाचे डोळे' आले. पांढऱ्या जेलीच्या गोळ्या आणि मधोमध एकेक काळी मनुका. नातवाने तीन खाल्ल्या आणि एक कागदात गुंडाळून खिशात टाकली.

तोवर तो खूश होता. मग केक आला. तो घेऊन पांढऱ्या लुगड्यातली एक हडळ आली. पांढरे केस मोकळे सोडलेले, चेहरा ओढलेला, चाल सावकाश. आजूबाजूच्या टेबलांवर टाळ्या पडल्या. नातवाने मेणबत्त्या विझवल्या खऱ्या, पण त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. दमला असेल, असे आम्ही म्हटले.

बिल एका चिमुकल्या शवपेटीतून आले. सांगायला हरकत नाही, साऱ्या संध्याकाळीत मी खरा दचकलो तो एकदाच, त्या पेटीचे झाकण उघडल्यावर.

घरी येताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, काय डोकं लढवतात ना लोक!"

मी म्हटले, "हे डोके सव्वाशे वर्षांपूर्वीच लढवून झाले आहे."

पॅरिसच्या मोंमार्त्र भागात 1892 साली असेच एक हॉटेल निघाले होते. 'शून्याचे' म्हणजे मरणाचे हॉटेल, अशा अर्थाचे त्याचे नाव. टेबलांच्या जागी शवपेट्या, उजेडाला मेणबत्त्या, वाढप्यांचा पोशाख प्रेत वाहून नेणाऱ्यांचा आणि पेयांची नावे रोगांवरून ठेवलेली. आतल्या दालनात पेटीत उभ्या राहिलेल्या माणसाचा आरशांच्या करामतीने डोळ्यांदेखत सांगाडा होई. त्याच भागात नरकाचेही हॉटेल होते. त्यात राक्षसाच्या जबड्यातून शिरायचे. तेव्हा आमची कवटी म्हणजे त्या जबड्याची नात म्हणायला हवी.

आणि याच्या अगदी उलट अशी एक जागा आपल्या अहमदाबादेत आहे. लाल दरवाज्यापाशी 'लकी' नावाचे चहाचे हॉटेल आहे. त्याच्या टेबलांमधोमध कबरी आहेत, आणि त्या खऱ्या. भोवती लहानसा कठडा, वर रोज वाहिलेली फुले. लोक त्यांच्या शेजारी बसून चहात मस्कापाव बुडवतात आणि बाजारभावाच्या गप्पा मारतात. मी तिथे दोनदा चहा घेतला आहे. कोणी भ्यालेले मला दिसले नाही. खोट्या कबरीपाशी माणसे किंचाळतात आणि खऱ्या कबरीपाशी निवांत चहा पितात, याचे कोडे मला तेव्हा उलगडले नव्हते.

त्या रात्री नातू एकटा झोपेना. दिवाही मालवू देईना. "पाहा आठ वर्षांचा वीर!" म्हणून आम्ही त्याची थट्टा केली.

दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचे श्राद्ध त्या दिवशी करतात. आमची ही जाऊन दोन वर्षे झाली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कावळ्याला हाका मारल्या तर कबुतरे येतात, म्हणून मूळ गावी, सुप्याला, काकूंकडे जायचे ठरले होते.

सोलापूर रस्त्याने जाऊन चौफुल्याला वळले की मोरगावच्या वाटेवर सुपे लागते. मोरगावच्या गणपतीला जाणारी माणसे येथे फार तर चहापुरती थांबतात. पण गाव लहान नाही. शहाजीराजांच्या जहागिरीचे नाव घेताना 'पुणे-सुपे' असे जोडीनेच घेतात, तेच हे सुपे. पाऊस बेताचा, माळ मोकळा. भाद्रपदात मात्र त्या माळावर हिरवी लव असते आणि बाजरी कणसाला आलेली असते. तेवढे पंधरा-वीस दिवस आमचा मुलूख देखणा दिसतो.

गाडीत चिरंजीव कालच्या बिलाचा हिशेब अजून करीत होते. मी म्हटले, "सुप्याच्या माणसाने बिलाला भ्यावे हे रास्तच आहे. आपल्या गावाला भुतांचे भय कधी फारसे नव्हते. भय होते ते वहीचे."

ही गोष्ट आमच्या गावाबाहेरही माहीत आहे. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला. इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. सारा भरायला पैसा हवा आणि सावकाराने तर हात आखडता घेतलेला! जुन्या कर्जावर व्याज चढत होतेच. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याने ज्या कागदावर अंगठा उठवला, त्यात आपली जमीन गेली आहे, हे त्याला कोर्टाचा माणूस दारात आल्यावर कळे. याहून भयंकर भूत कोणते?

12 मे 1875 या दिवशी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या या सुप्याच्या बाजारपेठेत भोवतालचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. धान्य लुटले गेले, आगीही लागल्या. पण त्यांनी मुख्यतः मागितले काय? वह्या, खते आणि रोखे. ते कागद हाती आले की त्यांची होळी. तेथून हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोचले. सरकारने चौकशी बसवली आणि 1879 साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्या रात्री कर्जदारांची पोरे निवांत झोपली असतील, तर सावकारांची पोरे भीतीने जागी राहिली असतील. दंगल म्हणजे एका घरातले भय उचलून दुसऱ्या घरात ठेवणे, असेच मला नेहमी वाटते.

नातू खिडकीबाहेर पाहत होता. सुप्याजवळ चिंकारांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली झालेले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. पाटी दिसताच त्याने विचारले, "आजोबा, अभयारण्य म्हणजे काय?"

"अभय म्हणजे भीती नसणे. जिथे हरणांना कुणाची भीती नाही, असे रान."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माणसांसाठी असतं का तसं?"

मी 'हो' म्हणालो की 'नाही', आठवत नाही. मोठ्या माणसांना पोरांचे प्रश्न उशिरा ऐकू येतात.

काकूंनी पहाटेपासून सारे सिद्ध केले होते. तांदळाची खीर, उडदाचे वडे, भोपळा, गवार, आमसुलाची चटणी. जेवायला शेजारची सवाष्ण बोलावलेली, तिच्या ओटीचे खण-नारळ ताटात काढून ठेवलेले. काकूंचे वय आता ब्याऐंशी, पण वाढताना हात थरथरत नाही. कावळ्याचे पान वाढून झाल्यावर त्यांनी नातवाला हाक मारली, "ये रे बाळा, हे पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून ये. तुझी आजी जेवायला येईल."

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. तो माझ्या धोतराआड सरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आजोबा, आजी भूत झाली आहे का?"

आणि मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. शेवटच्या आठवड्यात आम्ही त्याला आजीला भेटवायला इस्पितळात नेले होते. सहा वर्षांचा होता तो. तिचे केस मोकळे होते, चेहरा ओढलेला होता, आणि तिने सावकाश हात पुढे केला होता. काल केक घेऊन हडळ आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा या पोराने कुणाला पाहिले होते, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. आम्ही त्याची थट्टा करीत होतो! फार तर कोणी ओळखीचे भेटेल, असे मीच म्हटले होते ना?

मला उत्तर सुचेना. काकूंना सुचले. त्यांनी विचारले, "कुणी दाखवलं रे तुला भूत?"

"हॉटेलात. त्यांनीच वाढलं आम्हांला."

काकू खळखळून हसल्या. "मग ती कुठली रे भुतं! ती पोटासाठी राबणारी पोरं. आपल्याकडं गेलेल्या माणसानं वाढायचं नसतं. त्यानं जन्मभर वाढलेलं असतं. आता आपण वाढायचं, त्यानं जेवायचं. तुझ्या आजीनं तुला भरवलं की नाही?"

"भरवलं."

"मग तिला एक पान वाढायला भितोस होय?"

पोर माझ्यामागून बाहेर आले. दोन्ही हातांनी पान घेऊन तो जिना चढला. मी मागोमाग गेलो. कठड्यावर पान ठेवल्यावर त्याने क्षणभर विचार केला, खिशातून ती कागदाची पुडी काढली आणि कालचा तो 'राक्षसाचा डोळा' खिरीशेजारी मांडला. म्हणाला, "आजीला गोड आवडायचं."

त्याला अडवावेसे मला वाटले नाही. सोवळ्याओवळ्याचा हिशेब त्या पानाला लावण्याची माझी छाती झाली नाही.

आम्ही दोघे पाण्याच्या टाकीआड उभे राहिलो. तेथे उभे असताना माझ्या मनात आले की, याच गावाने एके दिवशी कर्जाचे रोखे जाळले; पण हे पितृऋणाचे खाते काही कोणी जाळायला गेले नाही. सारी पिढ्यान्‌पिढ्या ते फेडीत आली आहेत. कारण या देण्याला तगादा नाही, जप्ती नाही. वर्षातून एकदा एक पान, आणि तेही वसूल करायला येणार कोण, तर कावळा! अहमदाबादच्या त्या हॉटेलात माणसे का भीत नाहीत, हेही तेव्हाच कळले. तिथे कोणीतरी रोज आधी फुले वाहतो. ज्याला आपण काही देतो त्याचे भय वाटत नाही.

कावळ्याला फार आळवावे लागले नाही. एक आला, मान वाकडी करून त्याने पानाकडे पाहिले, वडा चोचीत धरला आणि लिंबाच्या झाडावर जाऊन बसला. मग दुसरा आला. त्याने खीर विस्कटली. जेलीच्या गोळीला मात्र दोघांनीही चोच लावली नाही.

मला उगाच वाईट वाटले. पोराला काय सांगावे, याचा मी विचार करू लागलो. तेवढ्यात तोच माझा हात ओढून म्हणाला,

"आजोबा, बरोबर आहे. आजीला शुगर होती ना!"

आणि टणाटण उड्या मारीत तो जिना उतरून जेवायला गेला. मी मात्र थोडा वेळ तिथेच थांबलो. वारा सुटला होता. माळावरून बाजरीचा वास येत होता.

त्या रात्री पुण्याला परतल्यावर त्याच्या खोलीतला दिवा त्यानेच मालवला. आमच्या खोलीतला, गेली दोन वर्षे मी रात्रभर ठेवीत आलो तो, मीही मालवला.