पळस पाहावा, पण हात आवरून

फाल्गुनात वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघालं, की एमआयडीसीच्या शेडांमागच्या पडीक रानात आणि शेतांच्या धुऱ्यांवर निष्पर्ण पळस केशरी झालेले दिसतात. या झाडाची सोबत इथल्या माणसाला जन्मभर असते. मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड, पंगतीत पत्रावळ आणि द्रोण, धुळवडीला फुलांचा रंग, पोळ्याला दारात मेढे. आणि देहच सापडला नाही, तर अंत्यविधीचा पुतळाही पळसाच्या पानांचा. आता यात फोटोची भर पडली आहे. गाडी बुंध्याशी लावायची, लगडलेली फांदी वाकवून मोडायची, फुलं केसांत माळायची. पळस बघायला जरूर जावं, पण हात आवरून.

कारण साधं आहे. पळसाच्या शेंगेत बी एकच असतं. म्हणजे प्रत्येक फुलापासून फार तर एक रोप. तेही शिंजीर, मैना मधासाठी येऊन परागीभवन घडवतील तेव्हा. जपानमध्ये चेरीच्या बहराला गर्दी लोटते, पण फांदी मोडू नये, मुळं तुडवू नयेत, हा तिथला शिष्टाचार आहे. पायांनी आणि चाकांनी माती दडपली, की मुळांना हवा-पाणी कमी पडतं. हे पळसालाही लागू आहे. शिवाय बहराच्या दिवसांत गवत वाळलेलं असतं, तिथे विडीचं थोटूक टाकणं म्हणजे रान पेटवणं.

कुणी म्हणेल, पळस चिवट, तोडला तरी फुटतो. आजवर लोकांनी पानं-फुलं नेलीच ना? नेली, पण कामापुरती. पत्रावळीची पानं बहर ओसरल्यावर येतात आणि रंगाला गळालेली फुलंही चालतात. मोडलेली फांदी मात्र तासाभरात कोमेजून रस्त्याकडेला पडते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: कारखान्यांसाठी, रस्त्यांसाठी अख्खी झाडं जातात, तिथे एका डहाळीचं काय? पण डहाळीला जपणाऱ्यालाच झाड गेल्याचं कळतं. शहरी भागासाठीचा महाराष्ट्राचा 1975चा वृक्षसंरक्षण कायदा झाडाला इजा करणंही तोडण्यातच धरतो; मात्र कायदा जागा व्हायला तक्रार करणारा हवा. दरवर्षी तोच पळस पाहायला जाणारा माणूस ती तक्रार करू शकतो. एकदाच येऊन फांदी मोडून नेणारा नाही.