सहलीचे पायताण

परदेशी सहलीला निघालेला आपल्याकडचा माणूस दोन महिने आधीपासून तयारीला लागतो. पारपत्र, विमा, स्वेटर, औषधांची पुडकी, लोणच्याची बरणी अशी यादी तयार होते. त्या यादीवरून घरात वाद झडतात, शेजारचे जाणकार येऊन तीत आणखी दोन गोष्टी वाढवून जातात. मात्र ज्या पायांच्या भरवशावर ही सारी सहल व्हायची, त्यांचा विचार बहुधा शेवटच्या आठवड्यात होतो, आणि तोही नव्या कपड्यांवर काय शोभेल एवढ्यापुरताच. रोमसारखे शहर तर मुख्यतः चालूनच पाहावे लागते. जुन्या भागातील गल्ल्या इतक्या अरुंद, की सहलीच्या मोठ्या बसगाड्या लांबच थांबतात आणि तेथून पुढे ज्याने त्याने आपापल्या पायांवर मार्गक्रमण करायचे.

२०२५ हे रोममध्ये जुबिली वर्ष होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आमच्या वसईतून जो जथा इटलीला गेला, त्यात मी होते आणि माझी आईही होती. आईचे वय बहात्तर; मधुमेह वीस वर्षांपासूनचा. सहलीचे नाव निघाले तेव्हा दादाने स्पष्टच विचारले, "तिला कशाला नेतेस? पाय कुठे धड आहेत तिचे? तिथे काही झाले तर कोण बघणार?" दादाचे बोलणे कठोर वाटले तरी निराधार नव्हते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसांची जाणीव हळूहळू मंदावते. डॉक्टरांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक तंतू तिच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवून "लागले का?" असे विचारत गेले. डाव्या चवड्याखाली दोन ठिकाणी तिला काहीच कळले नाही. अशा पायाला बूट चावला, तर तो चावल्याचे समजत नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि एरवी वेळीच हाक मारणारी वेदना गप्प राहते. या रोगात पाय गमावण्याची वेळ येते ती पुष्कळदा अशाच क्षुल्लक फोडापासून. डॉक्टर सगळे तपासून म्हणाले, "न्या की त्यांना. मात्र आधी बूट आणा, मग तिकीट काढा."

आईच्या पायांविषयी येथे थोडे सांगायला हवे. तिचे बालपण आणि तरुणपण वाडीत गेले. केळी, मोगरा, भाजीपाला. भल्या पहाटे ओल्या मातीतून अनवाणी फिरायचे आणि उजाडायच्या आत डोक्यावर पाटी घेऊन रस्ता गाठायचा. पायात वहाण चढे ती रविवारच्या मिस्सेपुरती. अशा पायाचा चवडा पंख्यासारखा पसरतो. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये करंगळी सहज मावेल एवढी फट राहते. टाच रुंद आणि चिवट होते. शहरी डोळ्यांना असे पाय ओबडधोबड वाटतात, पण पायांचा अभ्यास करणारे तसे म्हणत नाहीत. १९९२ साली मणिपालच्या दोन डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सपाट तळव्याचे प्रमाण अनवाणी वाढलेल्या मुलांत सर्वांत कमी आणि बंद बूट घालणाऱ्या मुलांत सर्वांत अधिक, असे त्यांना आढळले. चपला वापरणारी मुले या दोहोंच्या मध्ये. तेव्हा आईचे पाय मुळात उत्तम बांधणीचे होते. अडचण एवढीच, की त्यांना सामावून घेईल असा बूट कुठे दिसेना.

बुटाचा नंबर म्हणजे केवळ लांबी, ही गोष्ट दुकानांच्या पायऱ्या झिजवू लागल्यावर मला नीट कळली. इंग्रजी मापात एका नंबराचा पुढच्या नंबराशी फरक इंचाच्या तिसऱ्या हिश्शाचा असतो, आणि तो हिस्सा म्हणजे मूळ हिशेबाने जवाच्या एका दाण्याची लांबी. (भात खाणाऱ्या आम्हा वसईकरांचे पाय जवाच्या दाण्याने मोजले जातात, याची मला मौज वाटली.) रुंदीचा उल्लेख मात्र आपल्याकडच्या खोक्यांवर सहसा नसतोच. बायकांसाठीचे बूट तर निमुळत्या साच्यावर बेतलेले. आईचा चवडा आत जावा म्हणून विक्रेता पुढचा नंबर काढी, मग चवडा कसाबसा आत जाई आणि टाच मागे डुगडुगू लागे. "वापरून सैल होतील, मावशी," असे आश्वासन प्रत्येक दुकानात मिळाले. कातडे थोडेफार सैल होते हे खरे. परंतु ज्या पायाला चावा कळत नाही, त्याने बूट सैल होण्याची वाट कशाच्या बळावर पाहायची? पायाला पहिल्या दिवशीच जो बरा वाटतो तो बूट घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलेली युक्ती कामी आली. सायंकाळी, दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजलेले असताना, ओटीवर कोरा कागद पसरला, आईला त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे केले आणि पेन्सिल उभी धरून पायांची रेघ काढली. उठवलेल्या रेघा पाहून आईच चकित झाली. डावा पाय उजव्याहून चांगला पेराच्या निम्म्याने लांब होता. बहुतेक माणसांचे दोन पाय सारखे नसतात आणि बूट घ्यायचा तो मोठ्या पायाला, हे तेव्हा समजले. ती रेघ कात्रीने कापून तो कागदी पाय मी पर्समध्ये घेऊन हिंडू लागले. बुटातली सुटी गादी काढायची आणि तिच्यावर कागद ठेवायचा. कागदाच्या कडा गादीबाहेर डोकावल्या की खोके बंद. आईची पायपीट त्यामुळे वाचली. विक्रेते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत, ते मी चालवून घेतले.

आठव्या दुकानात एका वयस्क विक्रेत्याने तो कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता पुरुषांच्या फळीवरून सात नंबरचा काळा, नाडीचा चालण्याचा बूट काढून दिला. कागद गादीवर बरोबर बसला. करंगळीच्या बाजूला थोडी जागाही उरली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आईला घेऊन गेले. तिने तो पाहताच पाय मागे घेतला. "बाय, मी काय पलटणीत चालले? साडीवर पुरुषांचे बूट घालून चारचौघांत फिरू?" विक्रेता हसून म्हणाला, "मावशी, पायाला बाई-पुरुष कळत नाही. जागा आहे की नाही एवढेच कळते." आई दुकानात पाच मिनिटे येरझाऱ्या घालीत राहिली. मी तोवर बूट न्याहाळून घेतला. पुढे सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा. वाकवून पाहिले तर जिथे बोटे दुमडतात तिथेच वाकणारा. मधोमध मोडणारा नव्हे. टाचेची वाटी घट्ट, तळ जाड, पण वजन बेताचे. नाडी असल्यामुळे दुपारनंतर पाय सुजला तर ढिली करता येणार होती. आई परत येऊन बसली आणि म्हणाली, "काही घातल्यासारखे वाटत नाही." तिच्या बाबतीत या वाक्याचे दोन अर्थ होत असल्याने मी लगेच बूट-मोजा काढून तिचा तळवा पाहिला. कुठेही वळ नव्हता.

त्यानंतरचे पाच आठवडे सरावाचे. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात अर्धा तास, मग चर्चपर्यंत आणि परत. साडी नेहमीपेक्षा दोन बोटे वर नेसावी लागते हेही त्या सरावात कळले, नाही तर काठ नाडीत अडकतो. मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात आणि फोडाला आमंत्रण देतात. शिवण बोटांवर येणार नाही असे हवेत. शेवटच्या दोन रविवारी मी तिला वसईच्या किल्ल्यात नेले. तेथल्या पडक्या चर्चमधील उंचसखल फरशा, जमिनीत बसवलेल्या जुन्या थडग्यांच्या शिळा आणि त्यांमधून उगवलेले गवत यांवरून आई सावकाश चालली. पुढे रोममध्ये जे पायांखाली येणार होते, त्याची याहून चांगली तालीम कुठे मिळाली नसती.

रोमच्या रस्त्यांवर जे काळे, चौकोनी दगड बसवलेले आहेत त्यांना तेथे 'सांपिएत्रीनी' म्हणतात. नावात संत पेत्र आहे, कारण सेंट पीटर्स चौकाच्या फरसबंदीशी या दगडाचे नाते जुने आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला हा कठीण दगड. वरचे तोंड सुमारे १२ सेंटीमीटरचे आणि खाली निमुळता होत गेलेला. ते वाळूत ठोकून बसवतात, त्यामुळे काळाच्या ओघात कुठे एखादा दगड वर येतो, कुठे खचतो, मधल्या फटी रुंदावतात. वरचे तोंड शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेले, आणि एक सर येऊन गेली की साबण लावल्यासारखे निसरडे. पातळ तळाच्या चपलेला प्रत्येक दगडाची कड जाणवते. उंच टाचेची तर फटीत अडकण्याचीच शक्यता अधिक. फोरममधील प्राचीन रस्ता याहून बिकट, कारण तेथले दगड घमेल्याएवढे आणि ओबडधोबड. व्हॅटिकनच्या संग्रहालयात फरशी सपाट आहे, पण तिथे लांबीच दमवते. दालनांची एकूण लांबी सुमारे ७ किलोमीटर सांगतात आणि बसायला जागा थोडी. आमच्या जथ्यातील एक तरुण डोंगर चढण्याचे जाडजूड बूट घालून आला होता. फोरममध्ये तो सर्वांपुढे होता. संग्रहालयात दुपारी भिंतीला टेकून उभा होता. नव्याकोऱ्या पांढऱ्या बुटांतली एक नववधू दुसऱ्या दिवसापासून टाचेला चिकटपट्ट्या लावून लंगडत होती. बिचारीचे सगळे फोटो मात्र सुंदर आले.

रोज सकाळी बुटात हात घालून आत काही नाही ना हे पाहायचे, आणि रोज रात्री आईचे पाय मांडीवर घेऊन टॉर्चच्या उजेडात तळवा, टाच, बोटांमधल्या बेचक्या तपासायच्या, असा आमचा नेम होता. फोरम पाहून आलो त्या रात्री डावा बूट उलटा केला तेव्हा आतून चिंचोक्याच्या निम्म्या आकाराचा एक टोकदार खडा खाटेवर पडला. सकाळी बूट रिकामा होता, म्हणजे तो वाटेत कुठेतरी आत शिरला होता आणि आई त्यावर किती तास चालली होती, कोण जाणे. तिला पत्ताच नव्हता. डाव्या चवड्याखाली, तंतू टेकवूनही तिला जे कळले नव्हते नेमक्या त्याच जागी, रुपयाएवढा लाल डाग होता. मी बोटाने दाबले. "दुखते का?" "नाही ग," ती म्हणाली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून गप्प झाली. कातडी फाटली नव्हती. जाड गादीने त्या खड्याचे टोक थोडे तरी आपल्यात घेतले होते. तरीही मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी जथा सेंट पीटर्सच्या घुमटावर चढणार होता. पूर्ण चढायचे तर ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी पुढच्या ३२० उरतात. मी आईला जाऊ दिले नाही. ती रागावली. "एवढ्या लांब आणलेस ते खाली बसवायला?" मग आम्ही दोघी महामंदिरातच थांबलो, थोडे बसत, थोडे फिरत. तेथे संत पेत्राचा ब्राँझचा आसनस्थ पुतळा आहे. त्याचा उजवा पाय पुढे आलेला, आणि शतकांपासून यात्रेकरूंनी त्याला हात लावून व चुंबून तो इतका झिजवला आहे, की बोटे एकमेकांत मिसळून गेली आहेत. आई त्या पायाजवळ बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "यालाही काही कळत नसेल, नाही?" मी काय उत्तर देणार? रात्री पाहिले तेव्हा डाग फिकट झाला होता, आणि परवा असिसीच्या चढावर जायला डॉक्टरांनी फोनवरून होकार दिला.

पवित्र पायऱ्यांपाशी, स्काला सांता येथे, भाविक २८ पायऱ्या गुडघ्यांवर चढतात. तेथे बुटांचा प्रश्नच उरत नाही. आईने खालूनच हात जोडले आणि बाजूच्या जिन्याने ती पायांनी वर आली.

घरी परतल्यावर दादाने आधी तिचे पाय पाहिले, मग फोटो. आता रविवारच्या मिस्सेला आई तेच काळे बूट घालून जाते. पहिल्या रविवारी बायकांत थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या आळीतल्या काकू येऊन म्हणाल्या, "आम्हीही जाणार आहोत मे महिन्यात. तुमचा बूट जरा मापाला द्या." आईने बूट काही दिला नाही. ओटीवर कागद पसरला आणि त्यांना म्हणाली, "उभ्या राहा यावर. दोन्ही पायांवर भार द्या." काकूंचा उजवा पाय मोठा निघाला.