अंधारात पाहणारा मासा

आम्हां बेळगावकरांचा मासा घाट चढून येतो. वेंगुर्ल्याहून, गोव्याहून, कारवारहून. बाजारात जायचे आणि तो पिशवीत घालून आणायचा, एवढाच माझा मासेमारीशी संबंध. त्यामुळे गेल्या सप्टेंबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मी थेट कॅनडाच्या सीमेवर गळ टाकून बसलो होतो, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला खरे वाटत नाही.

मुलगा मिनियापोलिसला असतो. तिथून उत्तरेला पाच तास मोटार हाकली की बॉडेट नावाचे छोटे गाव लागते. तिथे नदीकाठी चाळीस फूट लांबीचा एक मासा उभारला आहे, १९५९ सालचा. हाच तो वॉलआय, मिनेसोटा राज्याचा मानाचा मासा. गावापुढे रेनी नदी लेक ऑफ द वूड्सला मिळते. तळे म्हणायचे एवढेच; त्यात चौदा हजारांवर बेटे आहेत. १७८३ च्या तहाच्या वेळी नकाशात या तळ्याचा आकार चुकला आणि अमेरिकेचा एक तुकडा पलीकडे अडकला. तिथल्या माणसांना जमिनीवरून आपल्याच राज्यात यायचे तर कॅनडातून यावे लागते. मला हसू आले. नकाशावरच्या रेघा कशा पडतात, हे आपल्याला का कुणी शिकवायला हवे! मासा मात्र दोन्हीकडे तोच. अलीकडे वॉलआय, पलीकडे पिकरेल, आणि तिथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या बोलीत ओगा.

या माशाचे डोळे मोठे, काचेसारखे. बुबुळामागे आत आरशासारखा एक थर असतो, म्हणून मांजरासारखे त्यालाही अंधुक उजेडात दिसते. इतर मासे चाचपडू लागतात, तेव्हा हा शिकारीला निघतो. सप्टेंबरात पाणी थंडावू लागले की एमराल्ड शायनर नावाची बोटाएवढी मासळी थव्याने नदीत शिरते, आणि तिच्या मागावर वॉलआय नदीच्या मुखाशी येतो. आमच्या नावाड्याने तिथेच नांगर टाकला. सोनेरी शिसे जडवलेल्या गळाला ती मासळी टोचायची, दोर तळाला टेकवायचा, वीतभर वर घ्यायचा आणि हलकेच खालीवर करत राहायचे.

सूर्य कलला आणि माझी धडधड वाढली. वाचकहो, खरे सांगायचे तर मला दोन वर्षांपासून काचबिंदू आहे. कडेचे दिसत नाही आणि तिन्हीसांजेला तर फारच कमी. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मुलाला मी यातले काही कळू दिले नव्हते. त्याची आई गेल्यापासून मी शहापूरच्या घरात एकटा असतो. कळले तर हा परत जाऊ देणार नाही, ही भीती.

"बाबा, जाळी द्या!" मुलगा ओरडला. त्याची काठी धनुष्यासारखी वाकली होती. जाळी माझ्या डाव्या पायाशीच होती म्हणे. मी उजवीकडे चाचपलो, बाकाखाली चाचपलो. शेवटी नावाड्याने ती उचलली. मासा बावीस इंची भरला. साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांचा वॉलआय त्या तळ्यात ठेवता येत नाही. त्याच्या पोटी पुढची पिढी असते. मुलाने तो दोन्ही हातांनी पाण्यात सोडला आणि माझ्याकडे न बघता विचारले, "किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं."

तो काही बोलला नाही. बराच वेळ नावेला पाणी लागल्याचा आवाज तेवढा येत होता. तेवढ्यात माझा दोर जड झाला. हिसका नाही, नुसते ओल्या फडक्याएवढे वजन. ते काही डोळ्यांना कळायचे नव्हतेच, बोटाला कळले. मी काठी उचलली. मुलगा मदतीला उठला आणि पुन्हा खाली बसला. तो बसला, याचे मला आजही बरे वाटते.

मासा सतरा इंची निघाला, म्हणजे ठेवण्याजोगा. टॉर्चच्या झोतात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटले. मला हेवा वाटला, खोटे कशाला सांगू?

रात्री मोटेलवर मुलाने तो मासा लोणी घालून परतला. काटा कमी, चवीला सौम्य. आपल्या तिखटामिठाची आठवण करून देणारा. जेवण झाल्यावर त्याने विचारले, "थेंब किती वाजता?"

"नऊला."

माझ्या हातातून बाटली घेऊन त्याने स्वतः थेंब घातले. लहानपणी त्याचे डोळे आले होते, तेव्हा मी त्याची मान अशीच मागे धरली होती.

"लपवलंत म्हणून राग आला," तो म्हणाला. "जायचं तर जा. पण आता मला विचारू द्या."

ऑक्टोबरात मी परतलो. शेजारच्या सावंतीणबाई संध्याकाळी माझ्या जिन्यातला दिवा लावतात. रात्री नऊला फोन वाजतो. तिकडे सकाळ असते.

"घातले?"

"घातले."

एवढेच बोलणे. पण ते चुकत नाही.