मोबाईल बिघडलेला नव्हता

‘ताई, वायफाय लागत नाही.’

गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी आमच्या वस्तीत जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा ‘नळाला पाणी नाही’ हेदेखील ऐकले नसेल. मी काही इंजिनियर नव्हे. बी.कॉम. झाले आणि कारकुनीला लागले, ती आजतागायत आवक-जावक आणि हिशेबाच्या वह्या सांभाळते आहे. संध्याकाळी वस्तीतील लोकांचे अर्ज भरून देणे, दाखल्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात ते सांगणे हे काम करते. पूर्वी अर्ज कागदावर असत, तेव्हा लोक पेन घेऊन येत. आता अर्ज मोबाईलवर आले, तेव्हा लोक मोबाईल घेऊन येतात. मग मोबाईलची दुखणीही ओघाने आलीच.

आमच्या समाजमंदिरात एक अभ्यासिका आहे. वर्गणी काढून तिथे वायफाय, म्हणजे बिनतारी इंटरनेट घेतले. कारण साधे होते. पुष्कळ घरांत मोबाईल एकच, त्यातील दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपलेला असतो, आणि पोरांच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, अर्ज हे सारे संध्याकाळी लागते. परंतु वायफाय सुरू झाल्यावर अभ्यासिकेबाहेरच्या कट्ट्यावर गर्दी जमू लागली आणि आत बसलेल्यांना वेग मिळेना. तेव्हा मंडळाने सर्वानुमते ठरविले, की ज्यांची नावे वहीत आहेत त्यांच्याच मोबाईलला वायफाय मिळावे. वायफाय बसवायला आलेल्या मुलाने राउटरमध्ये तशी सोय करून दिली. प्रत्येक मोबाईलला बारा अक्षरा-अंकांचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. तो आम्ही वहीत उतरवून घेतला आणि राउटरमध्येही भरला. वहीची जबाबदारी अर्थात माझ्याकडे आली.

ह्या वहीमुळेच पुढील प्रकरण उलगडले, म्हणून ते सविस्तर सांगते.

आमच्या गल्लीतील एक मुलगी बारावीनंतर कॉलेजला जाते. आई दोन घरी पोळ्या करते, वडील रंगकामाला जातात. घरात मोबाईल एकच, तो वडिलांचा. संध्याकाळी दोन तास तो हिच्या वाट्याला येतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला चार दिवस उरले असताना तिच्या मोबाईलला अभ्यासिकेचे वायफाय लागेना. ‘जोडत आहे’ असे दिसे आणि क्षणात पुन्हा ‘सेव्ह्ड’ म्हणून गप्प. भावाने ते नाव मोबाईलमधून पुसून टाकले, पासवर्ड नव्याने घातला, तरी तेच. मग वडील नाक्यावरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने मोबाईल उलटसुलट करून पाहिला आणि सांगितले, ‘वायफायची आयसी गेली. अठराशे रुपये.’

अठराशे रुपये म्हणजे त्या माऊलीची एका घरची महिनाभराची पोळ्यांची कमाई. त्यात घरी बोलणे सुरू झाले. ‘हीच दिवसभर व्हिडीओ बघते, हिनेच बिघडवला.’ मोबाईल आता तिच्या हाती द्यायचा नाही, आणि मोबाईल नाही तर अभ्यासिकेत जायचे तरी काय काम, इथपर्यंत गोष्ट आली. आई संध्याकाळी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘ताई, पैसे कसेतरी उभे करीन, पण पोरीचं अभ्यासिकेत येणं बंद झालं तर ती घरात बसंल.’

मी वडिलांना बोलावून घेतले. म्हटले, ‘भाऊ, अर्जाची काळजी करू नका. तो माझ्या मोबाईलवरून भरता येईल. आधारचा ओटीपी एसएमएसने येतो, त्याला वायफाय लागत नाही. तो तुमच्या मोबाईलवर येईलच. पण अठराशे रुपये देण्याआधी मोबाईल मला दहा मिनिटे द्या.’

इथे माझे बी.कॉम. कामाला आले, असे म्हटले तरी चालेल. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळी खतावणी फाडत नाही. आधी पाहतात की चूक जमेच्या बाजूला आहे की नावेच्या. मग त्या बाजूची पाने अर्धी-अर्धी तपासत जातात. वायफायचेही तसेच आहे. एका बाजूला मोबाईल, दुसऱ्या बाजूला राउटर. बिघाड कोणत्या बाजूला आहे हे आधी ठरवावे. त्यासाठी पैसा लागत नाही, दुसरा एक मोबाईल लागतो.

मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू केला. हॉटस्पॉट म्हणजे आपला मोबाईलच थोडा वेळ राउटर होतो. मुलीने पासवर्ड घातला आणि तिचा मोबाईल क्षणात जोडला गेला. वायफायची आयसी गेलेली असती तर हे झालेच नसते. आयसी खरोखर जाते तेव्हा वायफायचे बटण दाबूनही सुरू होत नाही, किंवा सुरू होऊनही आजूबाजूचे एकही नाव दिसत नाही. असे दिसले तर मात्र दुकान गाठावे लागते. त्यानंतर माझा मोबाईल अभ्यासिकेच्या वायफायला जोडून पाहिला. तोही जोडला गेला. म्हणजे मोबाईल ठीक, राउटरही ठीक, आणि तरी दोघांचे एकमेकांशी जमत नाही! वडील म्हणाले, ‘मग भांडण कशाचं?’ प्रश्न बरोबर होता.

पहिला संशय नेहमी पासवर्डवर घ्यावा. आपल्याकडे त्यात एक खास गोम आहे. मोबाईलचा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, आणि पासवर्डमधला 5 हा ‘५’ म्हणून टाइप होतो. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे काही कळत नाही. शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवले की अक्षरे दिसतात. पहिले अक्षर कीबोर्ड आपणहून मोठ्या लिपीत करतो, तेही पाहावे. आमच्या वस्तीतल्या निम्म्या तक्रारी ह्या डोळ्यावर बोट ठेवल्यानेच मिटल्या आहेत. पण इथे पासवर्ड अक्षरशः बरोबर होता.

दुसरा संशय लहरींचा. हल्लीचे राउटर दोन प्रकारच्या लहरींवर चालतात, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. जुन्या आणि स्वस्त मोबाईलपैकी अनेकांना पहिलाच प्रकार कळतो. दुसऱ्याचे नाव त्यांच्या यादीत दिसतच नाही. आमच्या राउटरची दोन वेगळी नावे आहेत आणि मुलगी बरोबर नावच निवडत होती.

तेव्हा मी वही काढली. तिच्या मोबाईलचा क्रमांक वहीत होता. मग मोबाईलमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन तपशील उघडला. तिथे दिसणारा क्रमांक वेगळाच! बारापैकी बहुतेक अक्षरे जुळत नव्हती. क्रमांकाचे दुसरे अक्षर ‘ई’ होते. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे: दुसऱ्या जागी 2, 6, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्यातून आलेला क्रमांक नसून बहुधा मोबाईलने स्वतः तयार केलेला असतो.

असे का व्हावे? अँड्रॉइड 10 ही प्रणाली 2019 साली आली, तेव्हापासून मोबाईल कोणत्याही नव्या वायफायला आपला खरा क्रमांक न सांगता एक बनावट क्रमांक सांगतो. आयफोनमध्येही 2020 पासून तसेच आहे. हेतू चांगला आहे. मॉल, स्टेशन, हॉटेल अशा ठिकाणचे वायफाय एकाच क्रमांकावरून माणूस कुठे कुठे फिरला ह्याचा माग काढू शकते. तो काढता येऊ नये म्हणून ही युक्ती. दारात विचारणाऱ्याचा हेतू ठाऊक नसेल तेव्हा खरे नाव कोण सांगतो? भाड्याने घर शोधताना आडनाव विचारले गेल्यावर क्षणभर थांबलेली माणसे आपल्यात कमी नाहीत. त्यामुळे मोबाईलच्या ह्या वागण्याचे मला तरी नवल वाटले नाही.

तिच्या मोबाईलमध्ये ही प्रणाली मागाहून अद्ययावत झाली होती. पण आमचे वायफाय त्यात आधीपासून नोंदलेले असल्याने मोबाईल जुनाच, खरा क्रमांक सांगत राहिला. भावाने ते नाव पुसून नव्याने जोडले, तेव्हा मोबाईलच्या दृष्टीने ते नवे वायफाय झाले आणि त्याने बनावट क्रमांक सांगायला सुरुवात केली. राउटरने वही पाहिली, नाव सापडले नाही, दार लावून घेतले. मुळात वायफाय एक-दोनदा लागले नव्हते ते दुसऱ्याच कारणाने. त्या दिवशी आमच्या भागात वीज ये-जा करीत होती.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता. त्याच तपशिलात ‘प्रायव्हसी’ असे लिहिलेले असते. तिथे ‘रँडमाइज्ड मॅक’ऐवजी ‘डिव्हाइस मॅक’ किंवा ‘फोन मॅक’ निवडले. आयफोनवाल्यांनी ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ बंद करायचा असतो. हे फक्त आपल्या ओळखीच्या वायफायपुरते करावे; बाहेरच्या वायफायसाठी आहे तेच बरे. बटण मी दाबले नाही, मुलीला दाबायला लावले. मोबाईल जोडला गेला. वडील काही वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘म्हणजे पोरीनं काही केलं नव्हतं.’ मुलगी काही बोलली नाही. तिने तिथेच बसून उत्पन्नाचा दाखला अपलोड करायला घेतला.

मुलीच्या हातून मोबाईल काढून घेणे हा आपल्या घरांत फार सोपा न्याय झाला आहे. 2019 साली केरळ उच्च न्यायालयापुढे वसतिगृहातील एका विद्यार्थिनीचे प्रकरण आले होते. संध्याकाळी मोबाईल वापरू न देण्याचा नियम तिने मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढले होते. इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा आणि संविधानाच्या कलम 21 मधील खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि तिला परत घ्यायला लावले. तो निर्णय वसतिगृहापुरता असेल, घरातल्या बापाला कोर्टाची नोटीस जाणार नाही. पण हे त्या वडिलांना मी सांगितले आणि त्यांनी ऐकून घेतले.

दुकानदारांविषयी दोन शब्द. सगळेच लुबाडतात असे नाही. पुष्कळांना वेळ नसतो, गिऱ्हाईक रांगेत असते. पण ‘रिसेट मारतो’ असे कोणी म्हणाले तर कोणता, हे जरूर विचारावे. ‘नेटवर्क सेटिंग्ज रिसेट’ केल्याने वायफायचे जपलेले पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात; फोटो, नंबर राहतात. ‘फॅक्टरी रिसेट’ केल्याने मोबाईलमधले सगळे जाते. आमच्याच वस्तीतील एका भगिनीच्या पतीचे अखेरच्या आजारपणातील फोटो असे एका दुपारी गेले. ते दुसरीकडे कुठेही ठेवलेले नव्हते. तिचाही मूळ त्रास वायफायचाच होता, आणि कारण काय निघाले? मोबाईलची बॅटरी पूर्ण उतरल्याने तारीख चुकली होती. तारीख फार चुकली तर वायफाय जोडलेले दिसते, परंतु पाने उघडत नाहीत. कारण प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते आणि मोबाईल ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. तारीख आपोआप घेण्याचे बटण सुरू केले असते तरी काम झाले असते.

आता रविवारी सकाळी तासभर आम्ही अभ्यासिकेत महिलांसाठी बसतो. पोळ्या करणारी ती आईदेखील येते. परवा तिने विचारले, ‘ताई, स्टेशनावर फुकटचं वायफाय दिसतं, ते लावलं तर चालंल का?’ बातम्या वाचायला, गाडी पाहायला चालेल, पण बिनपासवर्डच्या वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, ‘बँकेत असंल तर करीन ना!’ आणि सगळ्या हसल्या.

वहीतले क्रमांक पुन्हा तपासायचे काम निम्मे झाले आहे. मागच्या कोपऱ्यात बसणाऱ्या तिघींना मात्र अजूनही वेग मिळत नाही. त्याचे कारण उघड आहे: चोरीच्या भीतीने राउटर लोखंडी कपाटात ठेवलेला आहे, आणि लोखंड ह्या लहरी अडवते. तो बाहेर काढून खिडकीच्या वर, उंचावर लावायचा ठरला आहे. लाकडी फळी मिळाली. भिंतीला भोके पाडून ब्रॅकेट बसवून देणारे कोणी असेल, तर येत्या रविवारी दहाच्या सुमारास यावे. चहा आमच्याकडे.