पूर्णेचा मुक्काम

परभणीहून नांदेडकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे दहा कोसांच्या आंतबाहेर पूर्णा जंक्शन लागतें. ज्याचें वर्णन मासिकांतून करावें असें ह्या गांवीं काय आहे, असा प्रश्न वाचक करतील, व तो अगदींच गैर नाहीं. येथें वेरूळसारखीं लेणीं नाहींत, कीं औंढ्यासारखें ज्योतिर्लिंग नाहीं. आहेत ते तीन दिशांना फुटणारे रूळ आणि गांवाजवळून वाहणारी नदी. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून, वाटेंत दुधनेला पोटांत घेऊन ही पूर्णा पुढें गोदावरीस मिळते. विदर्भांतून तापीकडे जाणारी पूर्णा ती निराळी. भूगोलाच्या तासाला मुलें ह्या दोघींची हटकून गल्लत करीत.

रुळांची एक वाट मनमाडकडे, दुसरी सिकंदराबादकडे, तिसरी वसमत-हिंगोलीवरून अकोल्यास. पूर्वीं ह्या तिन्ही वाटा मीटरगेजच्या होत्या. त्या काळीं रुळांचे सांधे उघडे असत. चाकें सांध्यावरून जातांना दोन ठोके जवळजवळ पडत, मग क्षणभर विश्रांति, पुन्हा दोन ठोके. आणि रात्रभर त्या ठेक्यावर डोकें डोलत असे. आतां रूळ एकसंध जोडल्यामुळें प्रवास सुखाचा झाला खरा, परंतु तो ठेका गेला. ही तक्रार नव्हे. पुढें सांगावयाच्या गोष्टीशीं तिचा संबंध आहे, म्हणून येथें नमूद केली.

माझा धाकटा बंधु १९८२ सालीं रेल्वेच्या नोकरीस लागून पूर्णेस आला, तो कायमचाच. १९८६ च्या दिवाळींत मी सहकुटुंब त्याच्या बिऱ्हाडीं गेलों होतों. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें खाटेखालून एक लांबट पेटी ओढली व तींतून गिटार काढली. त्याचे एक वडीलधारे स्नेही, मूळचे गोव्याकडील ख्रिस्ती व पेशानें इंजिन-ड्रायव्हर, तेही आपली गिटार घेऊन आले होते. दोघांनीं वाजविण्यास आरंभ केला, तोंच मीं म्हटलें, “अरे, हें वाजविणें कीं तारा तोडणें? वडिलांच्या घरांत सतार होती. तिच्या जागीं हें हॉटेलांतलें वाद्य आणून ठेवतांना तुला कांहींच कसें वाटत नाहीं?”

सर्वांच्या देखत बोललों. शिक्षकाच्या जिभेला एक खोड असते. वर्ग सुटला तरी ती सुटत नाहीं. बंधु हंसला. त्यानें गिटार पेटींत ठेवली, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या, आणि हिंगोलीकडच्या पावसाचा विषय काढला. त्यानंतर छत्तीस वर्षें माझ्यासमोर त्यानें ती पेटी उघडली नाहीं, आणि मींही कधीं विचारलें नाहीं.

२०२२ सालीं तो गेला. तेराव्यानंतर भावजयीनें ती पेटी माझ्यापुढें आणून ठेवली. “मुलांना ह्याचा नाद नाहीं. पडून पडून तारा गंजतील. तुम्ही न्या, भावोजी.” तिच्या बोलण्यांत टोमणा नव्हता, असता तर बरें झालें असतें.

घरीं आल्यावर शेजारच्या कॉलेजांतल्या एका मुलास गुरु केलें. ज्याला मीं एके काळीं ‘रामः रामौ रामाः’ घोकायला लावलें, तो आतां माझ्या बोटांवर छडी उगारण्याच्या योग्यतेचा झाला. चौसष्टाव्या वर्षीं पोलादी तारांवर बोटें दाबणें हें एक तपच आहे. त्यांतून माझी अनामिका संधिवातानें वांकलेली. तथापि वर्षाभरांत दोनचार अभंग व जुनीं भावगीतें ओळखूं येण्याइतपत निघूं लागलीं, आणि मला नाद लागला.

पेटीच्या अस्तराच्या खिशांत तीन कॅसेटी होत्या. त्यांवर बंधूच्या वळणदार अक्षरांत लिहिलेलें. एकीवर होतें, ‘जँगो. नुआज म्हणजे मेघ.’ मीं तीसएक वर्षें मुलांना मेघदूत शिकविलें. तेव्हां तीच प्रथम लाविली. पांच मिनिटांत बंद केली. सुरांची पळापळ तेवढी ऐकूं आली. मेघ कांहीं दिसेना. दुसऱ्या दिवशीं पुन्हा लाविली, पुन्हा तेंच. आपणांस जें कळत नाहीं त्यास वाईट म्हणण्याची मला जन्मभराची संवय. ह्या वेळीं मात्र तसें म्हणवेना. शेवटीं गेल्या श्रावणांत गिटार घेऊन पूर्णेस गेलों.

ते ड्रायव्हर गृहस्थ अद्याप पूर्णेसच राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढें, कानांनीं थोडे कमी. मला पाहून म्हणाले, “या मास्तर. फार उशीर केलात.” १९८६ ची आठवण त्यांना होती हें मला त्या एका वाक्यावरून समजलें. भावजयीच्या घरीं ओसरीवर बैठक घातली. मीं माझी अडचण सांगितली. त्यांनीं कॅसेट लाविली व म्हणाले, “तुम्ही सूर मोजतां. मोजूं नका. सुरवातीला जी चाल येते ती ध्यानांत धरा, आणि ती मनांतल्या मनांत म्हणत राहा. मग तो कोठें कोठें फिरून येतो तें पाहा.”

वाचकहो, इतकेंच होतें. चाल संपली तरी तिचा सांगाडा खालीं फिरतच असतो, आणि वाजविणारा दर आवर्तनाला त्यावर नवें कांहीं रचतो. तें कागदावर लिहिलेलें नसतें. आपला गवई बंदिशीचा मुखडा गाऊन पसरत जातो व समेवर परततो, त्याचेंच हें दूरचें नातें. भेद आहे तो खालच्या आधाराचा. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. येथें चारपांच सुरांचे गुच्छ, ज्यांना कॉर्ड म्हणतात, ते एकामागून एक बदलत जातात, आणि एका गुच्छांत शोभणारा सूर पुढच्यांत बोचतो. शिवाय टाळी पहिल्या मात्रेवर पडत नाहीं, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडते. “आपली जुनी मीटरगेज आठवा,” असें म्हणून त्यांनीं मांडीवर ठेका धरला, आणि तो मला तत्काळ ओळखीचा वाटला.

ह्या संगीताचें एक मूळ ब्ल्यूज नांवाच्या गीतांत आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत गुलामगिरींतून सुटलेल्या, तरी हालांतून न सुटलेल्या काळ्या लोकांचीं हीं गाणीं. रचना साधी: चार-चार मात्रांचे बारा खंड, पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावयाचें. गांधार कोमलही नाहीं व शुद्धही नाहीं, दोहोंच्या मधला. गिटारवर तार ओढून तो काढतात. आमच्या ह्याच जिल्ह्यांत गोदेच्या कांठीं गंगाखेड हें जनाबाईचें गांव आहे. जात्यावरच्या ओवीचा सूर ज्यानें पहाटे अंथरुणांतून ऐकला आहे, त्याला श्रमांतून गाणें कसें निघतें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

पूर्णेसारख्या ठिकाणीं बंधूला हा छंद जडला कसा? तर रेडिओवरून. व्हॉइस ऑफ अमेरिका ह्या केंद्रावर विलिस कॉनोव्हर हे गृहस्थ १९५५ पासून १९९६ सालीं निवर्तेपर्यंत जॅझचा कार्यक्रम सादर करीत. परदेशच्या श्रोत्यांना समजावें म्हणून ते इंग्रजी अगदीं सावकाश बोलत. रात्रपाळीहून आल्यावर हे दोघे लघुलहरींच्या खरखरींत कान घालून बसत. ड्रायव्हर गृहस्थांना घरचाही वारसा होता. त्यांचे मामा मुंबईच्या हॉटेलांतून ट्रंपेट वाजवीत. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी ह्यांचें काळ्या वादकांचें पथक मुंबईस ताजमहाल हॉटेलांत आलें, आणि तेथून गोव्याच्या वादकांना ह्या विद्येची गोडी लागली. त्यांतलेच आल्दोन्याचे आंतोनियु वाझ. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखीत. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत सी. रामचंद्र ह्यांच्या संगीताला ह्या गृहस्थांचा हात लागलेला आहे, व त्यांचें पथक पडद्यावरही दिसतें. आतां सी. रामचंद्र म्हणजे आमचे पुणतांब्याचे चितळकर, गोदाकांठचेच. त्यांचीं गाणीं आमच्या घरीं माझ्या आईपासून सर्वांना पाठ. म्हणजे ज्या संगीतास मीं उंबऱ्याबाहेर काढूं पाहिलें, तें माझ्या आईच्या गुणगुणण्यांतून पूर्वींच घरांत शिरलें होतें!

आणि जँगो राइनहार्ट? बेल्जममध्यें १९१० सालीं भटक्या रोमा लोकांच्या तांड्यांत जन्मलेला हा पुरुष. १९२८ सालीं त्याच्या राहत्या गाडीस आग लागली; डाव्या हाताची अनामिका व करंगळी निकामी झाली. पुढें १९३४ सालीं पॅरिसमध्यें व्हायोलिनवादक ग्रापेली ह्यांच्याबरोबर त्यानें जें पथक उभारलें, त्यांत तो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांनीं वाजवीत असे. ‘नुआज’ १९४० मधलें. पॅरिस तेव्हां जर्मनांच्या ताब्यांत होतें. ह्या सुरावटीवर लोकांनीं जीव टाकला. रोमा लोकांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतून गेले. त्यांच्या भाषेंत पाण्याला ‘पानी’, अग्नीला ‘याग’ आणि हाताला ‘वास्त’ म्हणतात. हस्ताचा ‘वास्त’ झालेला वाचून माझ्यांतला संस्कृत शिक्षक खुलला, हें कबूल करतों. परंतु त्याहून अधिक मी माझ्या वांकड्या अनामिकेकडे पाहात राहिलों. आजवर तीच माझी सबब होती.

दुपारीं नदीवर जाऊन आलों. पाणी गढूळ होतें. वर येलदरीला व सिद्धेश्वरला धरणें झाल्यापासून पुराचा जुना जोर नाहीं, असें लोक म्हणतात. संध्याकाळीं पुन्हा ओसरीवर बसलों. ड्रायव्हर गृहस्थांनीं कॉर्डांचा आधार धरला व मला ‘नुआज’ची मूळ चाल वाजवावयास सांगितली. स्वैर रचना माझ्या आंवाक्याबाहेरची. पण चाल साधारणपणें निघाली. पहिल्या सुरांच्या उतरणीवर दोनदां चुकलों, तिसऱ्यांदा पार पडलों. मध्येंच त्यांनीं खूण केली कीं आतां तुमचें कांहीं वाजवा. घाबरून मला सुचला तो यमनाचा एक तुकडा. तो बसला नाहीं. ते मोठ्यानें हंसले आणि म्हणाले, “तुमचे बंधूही पहिल्यांदा हेंच वाजवीत!”

भावजय दारांत केव्हां येऊन उभी राहिली होती, कळलें नाहीं. हातांत चहाचें तबक होतें. “ह्यांचा ठेका थोडा जलद असे,” ती म्हणाली. मग तबक खालीं ठेवून भिंतीशीं बसली. “पुन्हा वाजवा, भावोजी. पहिल्यापासून.”