केशरचं अंथरूण

केशर आमच्याकडे आली ती 2004 साली, क्रॉफर्ड मार्केटमधून. पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आईच्या मांडीवर बसून, डोंबिवली लोकलने. बोटाच्या दोन पेरांएवढी गोल्डफिश, पाठीवर काळसर झाक. पुढे ती झाक गेली, अंग केशरी झालं आणि नाव पडलं केशर.

पहिल्या महिन्यातच ती जाता जाता वाचली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी काचपेटी आम्ही लोखंडी स्टँडवरच्या प्लायवुडवर तशीच ठेवली होती. एका रात्री दोनच्या सुमारास ‘टक्’ असा आवाज झाला. दिवा लावला तर तळाची काच कोपऱ्यापासून तिरकी तडकलेली आणि हॉलभर पाणी. केशर ओल्या वाळूवर आडवी पडून कल्ले हलवत होती. आईने तिला ओंजळीत उचलून बादलीत सोडलं. पाणी बदलायचं म्हणून आदल्या दिवशीच ती बादली भरून ठेवली होती. पाण्यातलं क्लोरीन उडून गेलं होतं, म्हणून निभावलं.

सकाळी बाबांनी प्लायवुडवरून तळहात फिरवला. ज्वारीच्या दाण्याएवढा सिमेंटचा खडा हाताला लागला. पेटीत 65 लिटर पाणी, म्हणजे 65 किलो. वाळू आणि काच धरून वजन 90 किलोच्या घरात. काच दबत नाही, सावरून घेत नाही. त्या एका दाण्यापाशी ताण साठत गेला आणि काच गेली.

नवी पेटी मांडताना बाबांनी घाई केली नाही. शेजारच्या काकांकडून गवंड्याची पाणसळ आणली. फरशीला बाल्कनीकडे उतार होता; स्टँडच्या दोन पायांखाली पत्र्याचे तुकडे सारून तो काढला. मी म्हटलं, “बाबा, थर्मोकोल घालणारच आहोत ना, मग एवढं कशाला?” ते म्हणाले, “थर्मोकोल बारीक खडबड पोटात घेतो. उतार नाही घेत. तो पायाशीच काढायचा.” मग अर्ध्या इंचाचा थर्मोकोल ब्लेडने पेटीच्या मापाचा कापला, दोन्ही बाजूंनी पुसला, त्यावर पेटी टेकवली. निम्मं पाणी भरून थांबलो. पाण्याची रेघ काचेच्या कडेला चारही बाजूंनी समांतर दिसली, तेव्हाच उरलेलं पाणी भरलं.

त्या अंथरुणावर केशर 11 वर्षं जगली. वाळूतले खडे तोंडात घेऊन चघळायची आणि काचेवर थुंकायची. अभ्यासाला बसलं की ती टकटक ऐकू यायची. आई स्वयंपाकघरातून उकडलेल्या मटाराची साल काढत आली की केशर आधीच समोरच्या काचेला येऊन शेपटी हलवत उभी. माशांना पापण्या नसतात; रात्री तळाशी, उघड्या डोळ्यांनी, कल्ले संथ हलवत ती झोपायची. दिवा एकदम लावला की दचकायची, म्हणून आम्ही सगळे तिच्या खोलीत अंधारातच चाचपडत वावरायला शिकलो.

2015च्या पावसाळ्यात ती गेली. आईने तिला तुळशीच्या कुंडीत पुरलं. महिन्याभराने पेटी रिकामी करून उचलली, तेव्हा थर्मोकोल तळाला चिकटून आला. उलटून पाहिला तर खालच्या अंगाला एक गोल खळगा होता. प्लायवुडचा एक स्क्रू केसभर वर राहिला होता. इतकी काळजी घेऊनही आमच्यातल्या कोणाच्या नजरेला तो पडला नव्हता. वरचं अंग, जिथे काच टेकत होती, ते सपाट होतं.

सपाट तळाची काचपेटी घरी आणाल तेव्हा मासा नंतर आणा. आधी हात फिरवा, पाणसळ लावा आणि खाली थर्मोकोल अंथरा. माशाचा जीव त्यावर टेकलेला असतो.