रेवाचे कान

रेवा ट्रकमधून उतरली ती थरथरतच. 2015 च्या नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. कुमेद रंग, कपाळावर नखाएवढा पांढरा टिळा, मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा. वय सहा. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर आणि हिवाळ्यात महालक्ष्मीला धावता धावता ती मागे पडायला लागली होती. शर्यतीच्या घोड्याचं काम पाच-सहा वर्षांतच संपतं आणि पुढची वीस वर्षं त्यानं कुठे काढायची, हा प्रश्न उरतो. रेवापुरता तो प्रश्न आबांनी, माझ्या सासऱ्यांनी सोडवला. हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्याला आमची दीड एकर जमीन आहे. बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता. "गोठ्यात जनावर नसलं की घर मुकं वाटतं," असं आबा नेहमी म्हणायचे. त्या गोठ्याची त्यांनी पागा केली.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला ऐकू येत नाही हे ती दीड वर्षाची असताना कळलं. दिवाळीत शेजाऱ्यांनी फटाक्यांची माळ लावली आणि ती पाठमोरी खेळतच राहिली. पुढे दोन्ही कानांना यंत्रं आली, बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या, ती ओठ वाचायला शिकली. तरी लग्नकार्यात, वर्गात ती गप्पच असायची. चार माणसं एकदम बोलायला लागली की तिनं कुणाच्या ओठांकडे बघायचं?

रेवा सुरुवातीला कुणालाच जवळ येऊ देत नसे. माणूस दिसला की दोन्ही कान मानेला चिकटवून दात दाखवायची. खरारा कसा करायचा, खुरातली माती कशी काढायची, हे लेकीला रेवाची निगा राखणाऱ्या सईसमामांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "घोड्याचं मन कानांत असतं, बाळा. तिथं बघत जा."

आणि लेक बघत राहिली, तासन् तास. घोड्याचा प्रत्येक कान स्वतंत्र फिरतो, पुढून पार मागेपर्यंत. एक कान रस्त्यावरच्या ट्रककडे, तर दुसरा पाठीवर बसलेल्या माणसाकडे. जेवताना लेक आम्हाला सांगायची, "आज कालव्याकडे कुत्री भांडत होती." आम्ही विचारायचो, "तुला कसं कळलं?" ती दोन्ही हात डोक्याशी नेऊन रेवाचे कान करून दाखवायची. जे आवाज तिच्यापर्यंत कधी पोचले नव्हते, ते आता रेवाच्या कानांतून तिला दिसायला लागले.

लेक घोड्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकणार म्हटल्यावर डॉक्टरांनी एक गोष्ट समजावून सांगितली. ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं इंद्रिय आतल्या कानात शेजारीशेजारी असतं, त्यामुळे अशा काही मुलांचा तोलही कच्चा असतो. तिचा थोडा होता. पहिल्या वर्षात ती किती वेळा पडली याचा हिशोब मी ठेवला नाही. हेल्मेटखाली श्रवणयंत्रं शिट्ट्या मारायची आणि घोडा दौडू लागला की त्यांत नुसता वारा घोंघावायचा. म्हणून घोड्यावर चढण्याआधी ती यंत्रं काढून डबीत ठेवायची आणि डबी माझ्या हातात द्यायची. त्या क्षणापासून ती आणि रेवा एका नि:शब्द जगात असायच्या. शिक्षक मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडतात, ते तिच्या कामाचं नव्हतं. प्रत्येक उडीनंतर ती त्यांच्यासमोर जाऊन थांबायची, ओठ वाचायची आणि परत वळायची. तिला एका तासात दुसऱ्या मुलांच्या निम्म्याच उड्या मिळायच्या.

दौडीला तीन ठोके असतात आणि मग एक क्षण चारही पाय अधांतरी. बाकीची मुलं ते ठोके टापांच्या आवाजावर मोजतात, माझी लेक मांड्यांत मोजायची. स्पर्धेआधी अडथळ्यांमधून पायी फिरून अंतरं मोजतात. माणसाची चार पावलं म्हणजे दौडत्या घोड्याची एक ढांग, साधारण 12 फूट. हे गणित तिला पक्कं जमलं, कारण त्यात ऐकायचं काहीच नव्हतं.

ऐकायची होती ती घंटा. पंचांनी घंटा वाजवल्यावरच सुरुवातीची रेषा ओलांडायची, आधीच ओलांडून पहिला अडथळा पार केला तर स्पर्धक बाद. 2018 साली पहिल्याच स्पर्धेत ती बाद झाली. आधीची मुलगी बाहेर पडताना दिसली, लेकीला वाटलं घंटा झाली असेल. रेवाला घेऊन परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. कठड्याशी कुणीतरी म्हणालं होतं, "ऐकू येत नाही तर आणायचं कशाला?" मी ते ऐकलं नव्हतं. लेकीनं वीस हातांवरून ओठ वाचले होते.

दोन आठवडे तिनं खोगिराला हात लावला नाही, पण पागेत जाणं काही सोडलं नाही. आबा रोज संध्याकाळी चंदी घालताना बैलाच्या गळ्यातली जुनी पितळी घंटा वाजवायचे. ती त्यांची बैलांच्या वेळची सवय. एका संध्याकाळी लेक धावत घरात आली आणि मला ओढत घेऊन गेली. "आई, बघ! आबा, परत वाजवा." घंटा झाली. रेवाचे दोन्ही कान एकदम घंटेकडे वळले आणि मान तसूभर वर आली. इतर आवाजाला एक कान हलायचा, घंटेला मात्र दोन्ही. पुढचे सहा महिने आबा पागेच्या चारी बाजूंनी घंटा वाजवत फिरले आणि प्रत्येक घंटेला रेवाला मूठभर हरभरे मिळाले.

पुढच्या वर्षी पंचांनी घंटेबरोबर झेंडीही दाखवायचं कबूल केलं. लेकीनं झेंडीकडे पाहिलंच नाही. मी कठड्याशी डबी मुठीत घट्ट धरून उभी होते. घंटा झाली, रेवाचे कान वळले, आणि त्याच क्षणी लेकीनं टाच दिली. 90 सेंटीमीटरचे आठ अडथळे. झेपेच्या अगदी शेवटच्या क्षणी समोरचा पोल घोड्याला दिसत नाही, कपाळासमोरची तेवढी जागा त्याच्या नजरेबाहेर असते. तिथे तो पाठीवरच्या माणसाच्या भरवशावर उडतो. सातव्या अडथळ्यावरचा पोल पडला, चार पेनल्टी झाल्या, बक्षीस नाही मिळालं. पण बाहेर आल्यावर तिनं रेवाच्या मानेला मिठी मारली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "हिनं सांगितलं मला!" आपला आवाज किती मोठा झालाय हे तिला कळत नव्हतं. मी तिला हळू बोल म्हटलं नाही.

मग 2020 साल आलं आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले. ओठ दिसेनासे झाले. दुकानात, दवाखान्यात, शिक्षकांसमोर लेक पुन्हा एकटी पडली. तिला वाचता येईल असा चेहरा घराबाहेर एकच उरला होता, रेवाचा. त्या वर्षी ती दिवसाचे सहा-सहा तास पागेत असायची. दसऱ्याला तिनं एकटीनं रेवाची पूजा केली, दाराला झेंडूचं तोरण बांधलं, आणि रेवानं मान वळवून त्यातली पोचतील तेवढी फुलं खाल्ली. आबांनी पाहिलेला तो शेवटचा दसरा.

रेवा 2023 च्या जुलैत गेली. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, आतली कळ आतच राहते. रात्रभर पावसात आम्ही तिला फिरवलं, डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली. पहाटे ती बसली ती उठली नाही. लेक तिचं डोकं मांडीवर घेऊन होती, दोन्ही हातांत तिचे कान. "गार पडलेत," एवढंच म्हणाली. तिला ऊब देता येईना. उजाडता उजाडता सईसमामांनी हलकेच तिचे हात सोडवले.

आता पागेत पाच वर्षांचा एक घोडा आहे, तोही रेसकोर्सवरून आलेला. लेकीला त्याच्यावरून एक मीटर तीसच्या उड्या मारायच्या आहेत, राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं आहे. अजून बराच पल्ला आहे. घोड्यावर चढण्याआधी ती आजही डबी माझ्या हातात देते.

संध्याकाळी चंदीच्या वेळी आबांची घंटा ती स्वतः वाजवते. यंत्रं काढून ठेवलेली असतात, म्हणजे तिला काहीच ऐकू येत नाही. ती घंटा हलवते आणि घोड्याच्या कानांकडे बघत उभी राहते. गेल्या आठवड्यात एक कान वळला. ती अजून दुसऱ्याची वाट बघते आहे.